विमान पडलं, पाडलं, कोसळलं की गमावलं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरावर झालेल्या हल्ल्याबद्दल टिपण लिहितोय. ६ एप्रिल १९४१ च्या पहाटे ब्रिटिश हवाई दलाच्या २२ व्या स्क्वाड्रनचं एक ब्यूफोर्ट विमान 'ग्नायझेनाऊ' या जर्मन युद्धनौकेवर एकटंच चालून गेलं. पाणतीर (टॉर्पेडो) सोडला, आणि विमान तिथेच संपलं. वैमानिक केनेथ कॅम्पबेल आणि त्याचे तिघे साथीदार, कुणीच वाचलं नाही. अशा विमानाला 'हरवले' म्हणायचं, 'गमावले', की 'जलसमाधी मिळाली'?

प्रतिसाद: जलसमाधी नकोच. समाधी आपणहून घेतात. वर्तमानपत्रांनी ती प्रत्येक बुडत्या होडीला वाटून टाकलीय. 'हरवले' म्हटलं की छत्री आठवते.

प्रतिसाद: छत्रीच का? पानिपतच्या त्या सांकेतिक पत्रात मोत्ये गळतात, मोहरा जातात. युद्धातली हानी आपण अशीच बोलत आलोय.

प्रतिसाद: अहो, ती सावकारी लिपी. माणसं लपवायची म्हणून नाणी पुढे केली. टिपणात काय लपवायचंय?

मला विचाराल तर 'पाडले'. इंजिन दगा देतं किंवा धुक्यात डोंगर आडवा येतो, तेव्हा विमान कोसळतं. इथे जहाज धक्क्याला लागलेलं, त्याला वळसा घालून दगडी बांध, पाठीमागे चढावर तोफा, बाहेर विमानवेधी तोफांची तीन जहाजं. कॅम्पबेल डोलकाठ्यांपेक्षाही खालून त्या जहाजांमधून शिरला आणि बांधावरून उडी मारल्यासारखा पलीकडे गेला. पाणतीर जहाजाच्या मागच्या बाजूला लागला, ते गोदीत न्यावं लागलं. एवढ्या तोफा धडधडत असताना 'कोसळले' लिहिणं म्हणजे तोफवाल्याला वाक्यातून हाकलणं. ('मिग कोसळले' वाचून वाचून आपल्याला हेच क्रियापद आधी सुचतं, तो भाग वेगळा.)

पण त्या दिवशी, विमान जिथून निघालं त्या इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या सेंट इव्हल तळावर यातलं काही दिसलं नव्हतं. तिथून बघाल तर 'परतले नाही' हेच खरं. कॅम्पबेलला व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान) जाहीर झाला तो मार्च १९४२ मध्ये, जवळपास वर्षानं. तेव्हा टिपण कुठे उभं राहून लिहिताय ते आधी ठरवा. 'गमावले' हिशेबाच्या तक्त्यात ठीक: अमुक हल्ले, तमुक विमानं गमावली.

प्रश्नकर्ता: पटलं. आणि चौघांसाठी 'धारातीर्थी पडले'?

प्रतिसाद: तलवारीची धार आहे त्यात. 'कामी आले' लिहा, बखरीतलं असूनही आज जड वाटत नाही. जर्मनांनी त्यांना लष्करी मानानं दफन केलं, तेही एका ओळीत येऊ द्या.

प्रतिसाद: जाता जाता, पाणतीर 'टाकला' की 'सोडला'?

प्रतिसाद: सोडला. बॉम्ब टाकला की संपलं. पाणतीर पाण्यात पडल्यावर स्वतःच्या इंजिनावर धावतो. म्हणून तर विमानाला तो सोडताना इतकं खाली आणि सरळ उडावं लागतं, नाहीतर पाण्यावर आपटून वाकडा जातो.