मदत हवी आहे: डाळिंब उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पॅमचा सुळसुळाट, ग्रुप मुका न करता आवर कसा घालू?

माणदेशी बाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगोला आणि आसपासच्या गावांतल्या डाळिंब उत्पादकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी २०१९ पासून चालवतोय. सुरुवातीला चाळीस जण होतो, आज ९६० आहेत. १०२४ ची मर्यादा जवळ आलीय. बागेला दिलेला पाण्याचा ताण कधी सोडायचा, छाटणी, पानगळ, पिन होल बोरर या खोडकिडीची भोकं, व्यापारी काय भाव देतोय, सगळं तिथं चालतं. पावसाळी ढगाळ हवेत तेल्या रोगाचा पहिला डाग दिसला की माणूस बागेतूनच फोटो टाकतो आणि दहा मिनिटांत चार अनुभवी शेतकरी सांगतात, हा तेल्याच की दुसरा कसला ठिपका. हा ग्रुप मला जिवापाड प्यारा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षभरात स्पॅम फार वाढलाय. त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा त्रास वेगवेगळा आहे.

पहिला अनोळखी लोकांचा. शेअर बाजारात दुप्पट पैसे, घरबसल्या काम, 'लाइक करा आणि कमवा'. लिंकवरून येतात, रात्री टाकतात, निघून जातात. काढून टाकायला दोन सेकंद लागतात, पण रोज पाच-सहा असतात.

दुसऱ्या प्रकारानं मला झोपेतून उठवलं. महिन्यापूर्वी रात्री अकराच्या सुमारास एका जुन्या सदस्याच्या नंबरवरून 'पीएम किसान केवायसी' नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल, आली. सोबत मराठीत मजकूर: हप्ता थांबू नये म्हणून आजच भरा. ज्याच्या नंबरवरून आली तो माणूस भरवशाचा, पाच वर्षं ग्रुपवर असलेला. लोकांनी नाव बघितलं आणि फाइल उघडली. मी सकाळी साडेपाचला बघितलं तोवर आणखी तीन सदस्यांच्या नंबरवरून तीच फाइल पुन्हा आली होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठ शेतकऱ्याच्या खात्यातून ४६ हजार रुपये गेले. छाटणीच्या मजुरीसाठी ठेवलेले होते. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही, पण ग्रुप माझा, फाइल माझ्या ग्रुपवर आली, हे माझ्या मनातून जात नाही.

घाबरून मी 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' असं सेटिंग केलं. बारा दिवस ठेवलं. स्पॅम शून्य. पण त्याच बारा दिवसांत एकानं फळावरच्या डागाचा फोटो मला खासगीत पाठवला. मी लग्नाच्या गडबडीत होतो, तिसऱ्या दिवशी बघितला. तेल्याच होता आणि तोवर पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या तीन ओळींत गेला होता. ग्रुप उघडा असता तर त्याच संध्याकाळी कोणीतरी सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी मी सेटिंग काढलं.

तिसरा प्रकार आपल्याच माणसांचा, आणि इथं माझे हात बांधल्यासारखे झालेत. एक काका आहेत. ग्रुप सुरू करताना पहिल्या चाळिसात होते, मला छाटणी त्यांनी शिकवली. हल्ली ते एका औषधाच्या जाहिराती टाकतात. 'तेल्या शंभर टक्के जातो, पैसे परत'. दिवसातून चार वेळा, अनेकदा फॉरवर्ड झालेल्या खुणेसह. बाटलीवर नोंदणी क्रमांक दिसत नाही. त्यांना कमिशन मिळतं की खरंच विश्वास आहे, ठाऊक नाही. त्यांना कसं थांबवू?

शिवाय एक शंका. उद्या अशा फाइलवरून तक्रार झाली तर ॲडमिन म्हणून माझ्यावर काही येईल का? घरचे म्हणतात, ग्रुपच बंद कर.

---

बागलाणी

भाऊ, ग्रुप बंद करू नका. आमचा सटाण्याकडचा ग्रुप याच आजारातून गेलाय.

आधी तुमची आमंत्रण लिंक कुठं कुठं पडलीय ते शोधा. आमची एका यूट्यूब व्हिडिओखाली आणि दोन फेसबुक पानांवर चिकटवलेली सापडली. ती लिंक आजच रीसेट करा, जुनी लिंक मेल्यावर निम्मे आपोआप थांबतात. मग 'नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी' हे सेटिंग चालू करा. विनंती आली की त्या नंबरला आम्ही तीन गोष्टी विचारतो: गाव कोणतं, झाडं किती, बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम: मृग, हस्त वगैरे) कोणता धरलाय.

खरा शेतकरी लगेच लिहितो, 'हस्त, साडेसातशे झाडं, चौथं वर्ष' आणि वर पाण्याची अडचणही सांगतो. फसवणाऱ्याला बहार म्हणजे काय हेच माहीत नसतं. तो 'येस सर, इंटरेस्टेड' लिहितो किंवा उत्तरच देत नाही. दोन वर्षांत या प्रश्नावरून एकही खोटा माणूस आत आलेला नाही. नुसतं गाव विचारू नका, गावाचं नाव कोणीही नकाशावरून उचलतो.

एकट्यानं करू नका. आमच्याकडे पाच ॲडमिन आहेत, त्यातले दोघे पहाटे दारं धरणारे, म्हणजे पिकाला पाणी द्यायला चारला उठलेले असतात. तुमच्याकडे फाइल रात्री अकरा ते पहाटे साडेपाच उभी राहिली, सगळं नुकसान त्या साडेसहा तासांचं आहे.

---

आटपाडीची लेक

मी एका बँकेच्या शाखेत काम करते, एपीकेची प्रकरणं आठवड्याला बघते. फाइल कशी पसरते ते सगळ्यांना कळायला हवं, म्हणून लिहिते.

ती फाइल इन्स्टॉल केली की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. घाईत माणूस 'अनुमती द्या' दाबतो. तिथून पुढे बँकेचा ओटीपी चोराकडे जातो. व्हॉट्सॲपचा नोंदणी कोडही एसएमएसनंच येतो, म्हणून चोर तुमचा नंबर स्वतःच्या फोनवर चालू करतो आणि तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाइल टाकतो. त्या भरवशाच्या माणसानं फाइल पाठवलीच नव्हती, त्याच्या नावानं दुसऱ्यानं पाठवली.

याला अडसर घालणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन स्वतः ठरवायचा. मग कोड चोरला तरी पिनशिवाय नंबर लगेच चालू होत नाही. ९६० जणांपैकी किती जणांनी लावलाय ते विचारून बघा.

ज्यानं फाइल इन्स्टॉल केली त्यानं आधी फोनचं इंटरनेट आणि सिम बंद करावं, म्हणजे विमान मोड. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून सकाळ होण्याची वाट बघू नये. आधी फोन फॉरमॅट करू नका, स्क्रीनशॉट आणि ती फाइल कोणत्या नंबरवरून आली ते जपा.

तुम्ही ॲडमिन म्हणून मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकता, तो पुसाच. पण ज्यानं फाइल आधीच उतरवून घेतली त्याच्या फोनमधून ती जाईल असं धरू नका. म्हणून पुसल्यावर लगेच आवाजी निरोप टाका. आमच्याकडचे बरेच ज्येष्ठ लिहिलेलं वाचत नाहीत, आवाज ऐकतात.

आणि कृपा करून, ज्याचा नंबर चोरीला गेला त्याला सगळ्यांसमोर 'काढून टाकलं' असं जाहीर करू नका. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत तसं झालं. गावात लोक त्यांच्याकडे फसवणारा म्हणून बघायला लागले. आधी त्यांच्या घरी फोन करा, मग काढा, आणि नंबर परत मिळाल्यावर स्वागत करून परत घ्या.

---

वकिली आणि शेती

शेवटच्या शंकेपुरतं सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं काम दिसावं लागतं. केरळ उच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये असंच मत दिलं. म्हणून घरच्यांना धीर द्या. तरीही लक्षात आल्यावर तुम्ही काय केलं, किती वाजता पुसलं, कोणाला कळवलं, याची वहीत नोंद ठेवा. फाइल 'हे बघा काय आलंय' म्हणून दुसऱ्या ग्रुपवर स्वतः पुढे पाठवू नका.

काकांच्या बाटलीबद्दल. रोगावर मारायचं औषध विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्याची नोंदणी लागते आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. लेबलवर नोंदणी क्रमांक नाही, बिल नाही, तर त्या जाहिरातीला जागा देऊ नये. तेल्या जिवाणूंमुळे होतो, त्याला 'शंभर टक्के' म्हणणाऱ्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलू शकता.

---

न्यू जर्सीकर

मी डाळिंबातला नाही, पण ही गोष्ट मी एकदा उभी आणि एकदा आडवी होताना बघितलीय. नव्वदच्या दशकात आम्ही परदेशातली मराठी मुलं यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, बोलायचो, मराठीसाठी वेगळा गट होता. १२ एप्रिल १९९४ ला ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांवर एकाच वेळी टाकली. लोक महिनाभर संतापले. पण ज्या गटांना राखणदार नव्हता, तिथं तो संताप हळूहळू थकव्यात बदलला. चांगलं लिहिणारे न भांडता निघून गेले. पुढे तर गूगलनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये यूजनेटसाठीची आपली सोय थांबवली, आणि कारणांत स्पॅम होतंच.

तुमचे चार अनुभवी शेतकरी, जे दहा मिनिटांत उत्तर देतात, त्यांच्यावर नजर ठेवा. त्यांचं बोलणं कमी झालं का? झालं असेल तर आधी त्यांना फोन करा. काकांच्या चार जाहिरातींमुळे त्यांतला एक जरी गप्प झाला, तर किंमत कोण मोजतंय ते दिसेल.

---

बागलाणी

काकांसाठी एक उपाय. व्हॉट्सॲपची कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र ठेवायची सोय) करा आणि त्यात 'खरेदी-विक्री' हा वेगळा ग्रुप काढा. जाहिरात तिथंच, लेबलचा आणि बिलाचा फोटो लावूनच. नियम सगळ्यांना एकच, म्हणजे काकांना एकट्याला बोट दाखवल्यासारखं होत नाही. पण नियम टाकण्याआधी त्यांच्या बागेत जाऊन सांगा. ग्रुपवर वाचून कळलं तर मन दुखेल.

---

माणदेशी बाग (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लिंक रीसेट केली, मंजुरी चालू केली. रात्रीतून अकरा विनंत्या आल्या. बहार विचारला तर चौघांनी नीट उत्तर दिलं, बाकी सात जण गप्प. त्यातल्या एकानं 'मृग, पण यंदा पाऊस लांबल्यानं कळी उशिरा निघाली' असं लिहिलं, वाचून बरं वाटलं. पहाटेसाठी दोघे ॲडमिन मिळाले, दोघेही दारं धरणारेच.

आटपाडीच्या ताई, तुमचं शेवटचं वाचून मान खाली गेली. ज्या चौघांच्या नंबरवरून फाइल आली त्यांना मी त्या सकाळी ग्रुपवर नावानिशी काढलं होतं. आज एकेकाला फोन केला. तिघे परत आले. चौथे फोन उचलत नाहीत. गाव बारा किलोमीटरवर आहे, रविवारी घरी जाऊन येतो.

न्यू जर्सीकर सर, चार जणांतले एक मे महिन्यापासून गप्प आहेत. तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, 'वर सरकवत बसावं लागतं, फोटो सापडत नाही.'

काकांकडे उद्या सकाळी जातोय. त्यांना राग आला तरी बाटलीचं लेबल मागणार आहे.

आता एकच मदत हवी. टू-स्टेप पिन कसा लावायचा ते साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत किंवा आवाजात समजावणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ कोणी करून देईल का? वाचता न येणाऱ्या माणसालाही नुसतं बघून लावता आला पाहिजे. आणि ज्येष्ठ लोक पिन विसरले तर काय करायचं, तेही त्यात हवं. आमच्याकडे निम्म्यांचा फोन नातू हाताळतो.