मदत हवी आहे: जर्मनीत चौथीनंतर कुठली शाळा? (बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्य)

मंडळी, माझा भाचा म्युनिकला चौथीत आहे, आणि ताई-भावजी दोघंही सध्या जाम टेन्शनमध्ये आहेत कारण तिथे चौथी झाली की पोरांच्या वाटाच वेगळ्या होतात, गिम्नाझियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), रेआलशुल (दहावीपर्यंतची, मधल्या पातळीची) किंवा मिटेलशुल (जास्त करून व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी). बर्लिन, ब्रांडेनबुर्गमध्ये हेच सहावीनंतर होतं पण बायर्नमध्ये चौथीतच. मे महिन्यात रिपोर्ट मिळतो, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात, 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, 2.66 पर्यंत रेआलशुल (तिकडे 1 म्हणजे सगळ्यात चांगला मार्क बरं का). दहा वर्षांच्या पोराचं असं ठरवणं मला तरी फार लवकर वाटतं, त्यात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचं जर्मनच कच्चं असणार ना! त्याचं गणित मस्त आहे, अडतंय ते जर्मन निबंधात.

सरासरी थोडक्यात हुकली तर तीन दिवसांचा प्रोबेउंटररिश्ट (चाचणी वर्ग) देता येतो, त्यात जर्मन आणि गणित दोन्हीत 4 आले तरी पालक ठरवू शकतात म्हणे. कोणाच्या मुलाने दिलाय का? की ओढूनताणून गिम्नाझियमला न घालता रेआलशुल घ्यावी, दहावीला मिटलेरे राइफ (दहावीचं सर्टिफिकेट) करून पुढे एफओएसमधून (फाखओबरशुल, म्हणजे दहावीनंतरची वरची शाळा) कॉलेजला जाता येतं, तो रस्ता प्रत्यक्षात कसा आहे? मिटेलशुलच्या एम-त्सुगमधूनही (तिथल्या पुढच्या पातळीच्या वेगळ्या तुकडीतून) दहावीला तेच सर्टिफिकेट मिळतं, तिथलं वातावरण कसं असतं? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, ताईला सगळं वाचून दाखवणार आहे.