रोजचं येणं-जाणं १२० किमी: बुटीबोरीची नोकरी परवडते का?

कापूसगाव:
माझं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, शहरापासून १२ किमी आत. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी मिळते आहे, हातात ४१ हजार. सध्या हिंगणघाटला जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) २२ हजार. गाव ते हिंगणघाट १२ आणि तिथून हायवेवरच्या जाम गावावरून बुटीबोरी ४७-४८, म्हणजे एकेरी ६० किमी. पाळ्या तीन, दर आठवड्याला बदलणाऱ्या. महिन्याचे २५ दिवस.

गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६२ हजार किमी झालेली. १२५ सीसीची मोटरसायकलही आहे. १८ चं अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपये लिटर धरलं तर पेट्रोलच साडेसतरा हजारांचं होतं. वाढ १९ हजारांची. मग उरणार दीड हजार? की सरळ मोटरसायकलने जावं? कंपनीची बस जामपर्यंत येते, हिंगणघाटला येत नाही. बुटीबोरीत दोन खोल्या ६ हजारांत सांगतात, पण घरी आईवडील आणि चार एकर कोरडवाहू आहे. कायमचं तिकडे राहणं जमणार नाही.

हिशोबनीस:
दीड हजारही उरणार नाहीत. १८ नुसत्या हायवेवर मिळेल. पहिले १२ किमी थंड इंजिन, दुसरा-तिसरा गिअर, खड्डे; त्यात एप्रिल ते जून एसी बंद ठेवता येणार नाही. १६ धरा. रोज साडेसात लिटर, २५ दिवसांचे सुमारे १९,७००. वाढ इथेच संपली.

आता जे पंपावर दिसत नाही ते. महिन्याला ३,००० किमी म्हणजे वर्षाला ३६,०००. दर १० हजारांना सर्व्हिस धरली तर वर्षात साडेतीन वेळा, वॉरंटीबाहेरच्या गाडीला एका वेळी ५-६ हजार. टायरचा सेट ४० हजार किमीच्या आसपास जातो, म्हणजे दर तेरा महिन्यांनी १८ हजार. ब्रेक पॅड, बॅटरी आणि गावरस्त्याने खाल्लेले लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनचे भाग) यांना वर्षाला १२ हजार ठेवा. सगळं मिळून महिन्याला ४ हजार. शिवाय दोन वर्षांत मीटर १ लाख ३४ हजारांवर जाईल आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी तेच पाहील. त्याचे महिन्याला दीड-दोन हजार वेगळे.

टोल जाम-बुटीबोरीच्या मधल्या बोरखेडी नाक्याचा लागेल. वार्षिक फास्टॅग पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता; एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाव वार्षिक असलं तरी नाका एकदा ओलांडला की एक फेरी मोजली जाते. तुमच्या महिन्याला ५० होतील, म्हणजे पास चार महिन्यांत संपेल. तरी त्या भावाने एका वेळचे १५ रुपयेच पडतात, तेव्हा घ्याच. महिन्याला ७५० धरा. (हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर चालतो. समृद्धीवर चालत नाही, तिथे वेगळे पैसे कटतात.)

एकूण २६ हजारांच्या वर. एकट्याने रोज कार नेली तर आज मिळतात त्याहून महिन्याला सात हजार कमी घरी येतील. वेळ वेगळाच: गावरस्ता २५ मिनिटं, हायवे ४०, पार्किंग आणि गेट १०. दोन्ही वेळचे अडीच तास, महिन्याचे ६२. आठ तासांची एक धरली तर जवळजवळ आठ पाळ्या बिनपगारी.

मोटरसायकलचं पेट्रोल ५० च्या अ‍ॅव्हरेजने ६,३०० होतं आणि टोल नाही, म्हणून आकडा गोड दिसतो. पण चेनला दर ५०० किमीला तेल लागतं, म्हणजे दर चार-पाच दिवसांनी. इंजिन ऑइल पाच-सहा आठवड्यांत बदला. चेन-स्प्रॉकेट आठ-दहा महिन्यांत गेलं समजा. हे सगळं केलं तरी ट्रकांमधून रोज १२० किमी, तेही रात्रपाळीनंतर, मी तरी सुचवणार नाही.

रोहीवाट:
भाऊ, वरचा हिशोब बरोबर हाय. पण साऱ्यायचं ध्यान हायवेवर हाय आन् खरी गोम गावच्या १२ किलोमीटरात हाय.

दुसरी पाळी ११ ले सुटली तर गावच्या फाट्यावर याले बारा वाजतात. त्या वेळी तुरीतून, पऱ्हाटीतून (कपाशीतून) रोही (नीलगाय) आन् रानडुकरं रस्त्यावर येतात. रोही दोन-अडीचशे किलोचा. कार पायाले लागते आन् धड काचेवर येते. एक दिसला का मागं अजून असतेच, म्हणून पहिला गेला तरी लगेच रेस द्याची नाही. समोर आला तर स्टेअरिंग सरळ धरून ब्रेक मारा, कट मारू नका. कट मारणारा नालीत नाहीतर झाडावर जाते. गावरस्त्यावर रात्री ४० च्या वर नाही.

हायवेवर रात्रीची अडचण वेगळी. लो बीमचा उजेड पन्नास-साठ मीटर. ८० च्या वेगात समोरचं दिसल्यापासून गाडी थांबाले ५७ मीटर लागतात, १०० वर ८० च्या वर. म्हणजे १०० वर तुम्ही उजेडाच्या पुढं पळता. आन् मिळते काय? ४७ किलोमीटरात ८० ले ३५ मिनिटं, १०० ले २८. सात मिनिटं! दिवाळीपासून तं कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हिंगणघाटच्या मार्केटले निघतात. मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, कापूस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. ऑक्टोबरात गावरस्त्यावर सोयाबीन वाळू घातलेलं असते. त्याच्यावर ब्रेक मारला तर चाक घसरते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं, तवा हाय बीम नोको, पांढरी भिंतच दिसते.

पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असन तं गाडी घालूच नका. फूटभर वाहतं पाणी छोटी कार ढकलून नेऊ शकते, आन् काळ्या मातीचा गढूळ लोंढा असला का खाली रपटा (फरशी पूल) हाय का वाहून गेला ते दिसतही नाही. पाणी एअर फिल्टरातून इंजिनात गेलं आन् गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकते. साध्या विम्यात हा खर्च बहुतेक बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घ्या लागते.

उन्हाळ्यात टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवा. दर आठ दिवसांनी सकाळी, गाडी निघायच्या आधी, थंड टायरची हवा पाहा. दुपारी गरम टायरमध्ये आकडा चढलेला दिसते म्हणून हवा सोडू नका. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांच्या गाडीवर कंपनीचेच टायर असले तं नक्षी कितीबी राहो, आधी बदला.

डेली पॅसेंजर:
रेल्वेच्या मोहात पडण्याआधी एवढं पाहा. हिंगणघाटहून गाडी सेवाग्रामवरून फिरून नागपूरकडे जाते, म्हणजे रस्त्यापेक्षा बरंच अंतर वाढतं. बुटीबोरीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आणि स्टेशनपासून कारखान्यापर्यंत पुन्हा ऑटो. मासिक पास स्वस्त असतो, पण तो जनरल ड्युटीवाल्याच्या कामाचा. फिरत्या पाळ्यांना नाही.

एसटीच्या मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस जाता येतं, त्रैमासिकात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. पहिल्या पाळीसाठी पहाटेची गाडी मिळाली तर ठीक, रात्री ११ नंतर भरवसा नाही.

कापूसगाव:
म्हणजे कार बाद. मग मोटरसायकलने जाम आणि पुढे कंपनीची बस, असं केलं तर? घर ते जाम २९-३० किमी पडतं. रात्रपाळीचं काय करायचं तेही सांगा.

हिशोबनीस:
हेच जमण्यासारखं आहे. रोज ६० किमी, सव्वा लिटरच्या आत, महिन्याचे ३,२०० च्या आसपास. देखभालीचे हजार धरा. पावसाळी रात्री कार जामपर्यंतच नेली तर दिवसाचे चारशे लागतात आणि बोरखेडीचा नाका पुढे असल्याने टोलही नाही. बसचे पैसे पगारातून कापले तरी वाढीतले १२-१३ हजार हातात राहायला हवेत.

पण होकार देण्याआधी एचआरला चार गोष्टी विचारा. बस तिन्ही पाळ्यांना जामला येते की फक्त पहिल्या आणि जनरलला? ओव्हरटाइम लागला आणि बस सुटली तर परत सोडायची सोय आहे का? बस उशिरा पोचली तर हजेरी कापतात का? आणि ४१ हजारांत रात्रपाळी भत्ता धरला आहे का? तो धरलेला असेल तर पाळी बदलली की आकडा खाली येईल.

रोहीवाट:
मोटरसायकल जामच्या चौकात उघड्यावर ठेवू नका. ओळखीच्या हॉटेलात नाहीतर गॅरेजात महिन्याचे पैसे ठरवून ठेवा, आन् डिस्कले लॉक लावा.

रात्रपाळीचं म्हणाल तं बसमधी झोपता येते, फायदा तोच. पण जामले उतरल्यावर सकाळी ३० किलोमीटर मोटरसायकल चालवायची हाय. ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तं ९० मीटर गाडी बिनड्रायव्हरची. तोंडावर पाणी मारून झोप जात नाही. चहा प्या आन् निघाच्या आधी तिथंच पंधरा-वीस मिनिटं पडा.

डेली पॅसेंजर:
एक मधला मार्ग. सहा हजारांच्या खोलीत एकट्याने कशाला राहता? वेगवेगळ्या पाळ्यांचे तिघं मिळून घेतली तर दोन हजार पडतात. रात्रपाळीचा आठवडा आणि जुलै-ऑगस्टमधले झडीचे दिवस तिथे काढा, बाकी घरून करा. फक्त करार अकरा महिन्यांचा नको, तुमचा प्रोबेशन किती आहे ते पाहून तेवढ्याचाच करा. आणि पेरणी, डवरणी, वेचणीच्या दिवसांत पाळी बदलून मिळते का, हे सुपरवायझरला रुजू होण्याआधी विचारून घ्या. चार एकरांचं काम पहिल्या पाळीनंतर दुपारी चारला घरी आल्यावरही होतं, दुसऱ्या पाळीत सकाळीच उरकावं लागतं.