मदत हवी आहे: घोडबंदर रोडच्या लेखातून पाडे गायब होत आहेत, काय करू?

ओवळ्याचा_भाचा:
नमस्कार मंडळी. इथे विकिपीडियावर नेमाने लिहिणारे काही जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

मराठी विकिपीडियावरच्या घोडबंदर रोडच्या लेखावरून जुंपली आहे. ठाण्याबाहेरच्यांसाठी सांगतो: माजिवड्याकडून निघून गायमुखचा घाट ओलांडून फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला मिळतो तो हा रस्ता, कागदोपत्री राज्य महामार्ग ४२. लेखात मी रस्त्यालगतच्या जुन्या गावांचा नि पाड्यांचा एक परिच्छेद घातला. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा, गायमुख. कुठलं गावठाण रस्त्याच्या कुठल्या अंगाला, कुणाची शेतं खाडीकडे उतरत होती, असं. एका सदस्याने 'संदर्भ नाही' असा शेरा मारून सगळं काढलं. ठीक आहे, नियम असेल. पण त्याच जागी आलं काय, तर गृहसंकुलांची यादी! कुठला टॉवर किती मजली, मॉल किती मिनिटांवर, 'निसर्गाच्या कुशीत'. संदर्भ म्हणून घरं विकणाऱ्या संकेतस्थळाचं पान. त्याला संदर्भ म्हणायचं, आणि माझी आजी जिथे नांदली त्या गावाला पुरावा मागायचा.

मी परत घातलं, त्यांनी परत उडवलं. मग बिनखात्याचा कुणी आयपीवरून आला आणि वाहतूक कोंडीचा भागच पुसून गेला. शेरा: 'नकारात्मक मजकूर'. घोडबंदर रोडच्या लेखात कोंडी नको म्हणजे पंढरपूरच्या लेखात वारी नको!

चर्चा पानावर लिहिलं तर उत्तर आलं की तुमच्या आठवणी म्हणजे स्वतःचं संशोधन, ते इथे चालत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत, सातबारे आहेत. यातलं काय चालेल? आणि हे थांबवायला तक्रार कुणाकडे करायची?

तिखटमीठ:
भाऊ, लिंक टाका. आमच्या कासारवडवलीच्या ग्रुपवर फिरवतो. सगळे मिळून परत घालतील, किती वेळा उडवतो बघू.

चावडीवरचा:
तिखटमीठ, कृपा करून हे करू नका. एकाच बाजूने अचानक नवी खाती उगवली की प्रचालकांना (देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) पहिला संशय हाच येतो की कुणीतरी माणसं गोळा केली आहेत. मग तुमचा मुद्दा खरा असला तरी धुऊन जातो. तिथे डोकी मोजत नाहीत.

धागाकर्ते, आधी उलटवणं थांबवा. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं की खातं गोठू शकतं. प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम तिथला समुदाय ठरवतो, पण संपादन युद्ध कुठेच खपत नाही. शिवाय तुमचा मजकूर कुठे गेलेला नाही. पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक आवृत्ती तशीच पडून असते, त्यामुळे घाई नाही.

आता कटू बोलतो. समोरच्याचा पहिला शेरा बरोबर होता. ज्या विधानाला आव्हान दिलं गेलं त्याचा संदर्भ द्यायची जबाबदारी घालणाऱ्याची. मात्र तोच नियम त्यांच्या टॉवरांनाही लागतो. विक्रीसाठी लिहिलेलं पान हा स्वतंत्र स्रोत नव्हे. तुम्ही 'माझी आजी' म्हणून भांडताय तिथे हरणार. 'दोघांनाही एकच मापटं लावा' म्हणालात की जिंकाल.

प्रचालक मजकुराचा निवाडा करत नाहीत. ते पान काही काळ सुरक्षित करतात, म्हणजे संपादनासाठी बंद ठेवतात, नियम मोडणाऱ्याला रोखतात. मजकुराचं भांडण आधी चर्चा पानावर, तिथे नाही मिटलं तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर.

नकाशावेडी:
सातबारा विसरा. एक तर त्यात खासगी माणसांची नावं, दुसरं म्हणजे त्यावरून गावाचा इतिहास तुम्हीच काढणार, म्हणजे पुन्हा स्वतःचं संशोधन. आजी-आजोबांचं बोलणं कुणी छापलं असेल तर छापलेलं दाखवा. नुसतं ध्वनिमुद्रण करून चालणार नाही.

त्यापेक्षा हे बघा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे (सरकारी माहितीग्रंथाचे) ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ चे आहेत, तेरावा आणि चौदावा. ठिकाणांची वर्णनं चौदाव्यात; घोडबंदर त्यात सापडेल, प्रत्येक पाडा सापडेलच असं समजू नका. गावांसाठी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका काढा. ठाणे महापालिका १९८२ ची, त्यामुळे आधीच्या दशकांच्या पुस्तिकांत गाववार यादी चाळायची. वर्ष आणि पान क्रमांक टिपून ठेवा, नाहीतर पुन्हा तोच शेरा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशेही उपयोगी, पण जपून. नकाशावर 'ओवळा' लिहिलंय म्हणजे त्या वर्षी त्या नावाची वस्ती होती, एवढंच सिद्ध होतं. 'रस्त्याआधीपासूनचं गाव' असं त्यावरून लिहिलंत तर तो तुमचा निष्कर्ष झाला.

आणि 'पाड्यांची नावं आता कोण वापरतं' असं कुणी म्हणालं तर मेट्रो ४ ची स्थानकं दाखवा: मानपाडा, डोंगरीपाडा, कासारवडवली. पुढे ४अ वर गायमुख. सरकारी कागदच आहे तो.

ओवळ्याचा_भाचा:
नकाशावेडी ताई, चावडीवरचे दादा, खूप आभार. ग्रुपवर टाकणार नाही. एक शंका: हा सदस्य बिल्डरचाच माणूस असावा असं मला वाटतं, इतर लेखांतही संकुलंच घालतो. हे लिहू का चर्चा पानावर?

चावडीवरचा:
आरोप करू नका, साधा प्रश्न विचारा: 'या प्रकल्पांशी आपला व्यावसायिक संबंध आहे का?' पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करणं विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. सोबत त्यांच्या त्या संपादनांचे दुवे द्या, विशेषणं नकोत. पण माणूस खरा कोण, राहतो कुठे, याच्या शोधात जाऊ नका. कुणाची ओळख उघड केलीत तर तुमचंच खातं जाईल.

ओवळ्याचा_भाचा:
मसुदा करून बघितला: 'घोडबंदर रोडच्या कडेने मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही निसर्गसंपन्न व प्राचीन गावे वसलेली असून आज ती टॉवरांनी गिळली आहेत.' संदर्भ हातात आले की जोडतो.

नकाशावेडी:
'निसर्गसंपन्न' काढा, 'प्राचीन' काढा, 'गिळली' तर आधी काढा (खरं असलं तरी). उरतं ते असं: 'रस्त्यालगत मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही गावे आहेत.' याला जनगणनेचा संदर्भ लागला की कुणाला हात लावायला कारण उरत नाही. प्रत्येक गावाचा इतिहास इथे कोंबू नका, ओवळ्याचा वेगळा लेख सुरू करा. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहा.

तिखटमीठ:
आणि कोंडीचं काय? ती तर आम्ही रोज सिद्ध करतो.

चावडीवरचा:
तिचे संदर्भ सगळ्यात सोपे, वर्तमानपत्रांत ढिगाने आहेत. तारखेसकट दोन-तीन बातम्या निवडा. फक्त तो विषय चर्चा पानावर वेगळ्या मथळ्याखाली मांडा. पाडे, टॉवर आणि कोंडी एकाच ठिकाणी घातलंत तर तिसरा माणूस वाचणारच नाही, आणि तुम्हाला गरज त्या तिसऱ्याचीच आहे. आठवडाभर कुणी बोललं नाही तर चावडीवर दुवा टाका, मी बघतो.