झांग लिनयानने इतक्या लवकर वुहान सोडायला नको होतं

कोपरा झेंडा

६ फेब्रुवारी २०२२. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला फुटबॉलच्या आशियाई चषकाचा चीन-दक्षिण कोरिया अंतिम सामना. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे नवी मुंबईत राहूनही आम्ही तो पडद्यावरच पाहिला. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे. उत्तरार्धात चीनच्या कोच शुई छिंगशिया यांनी बदली खेळाडू म्हणून झांग लिनयानला उतरवलं आणि सामन्याचा नूरच पालटला. वय २१, लहानखुरी चण, पण चेंडू पायाला चिकटल्यासारखा. ६८व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टीवर गोल केला. चारच मिनिटांनी तांगने क्रॉस टाकला आणि झांगने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. शेवटी भरपाईच्या वेळेत शियाओ युयीचा गोल. ३-२. चीनचा नववा आशियाई चषक, तोही १६ वर्षांच्या खंडानंतर.

अशी पोर हाताशी असताना पुढे काय झालं? २०२२ मध्ये तिच्या वुहान क्लबकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसनी, स्वित्झर्लंडच्या ग्रासहॉपर क्लबकडे. २०२३ मध्ये पुन्हा लोनवर, या वेळी इंग्लंडच्या टॉटनहॅमकडे. तिथे पुढच्या फळीत बेथनी इंग्लंड आणि मार्था थॉमस. झांगच्या वाट्याला फार थोडा खेळ आला.

माझं मत स्पष्ट आहे. त्या वयात फॉरवर्डला दर आठवड्याला ९० मिनिटं मिळाली पाहिजेत. गोलसमोर उभं राहून चुकायचं, पुन्हा उभं राहायचं, हे बाकावर बसून शिकता येत नाही. वुहानमध्ये ती संघाचा कणा झाली असती. २०२३ च्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे ५ गोल करणारी जपानची हिनाता मियाझावा तेव्हा कुठे खेळत होती? मायदेशात, सेंदाईच्या क्लबकडून. मँचेस्टर युनायटेडला ती गेली ती विश्वचषक गाजवल्यावर.

मैदानवेडी

अजिबात पटलं नाही. त्याच विश्वचषकातला चीन-इंग्लंड सामना आठवा. अ‍ॅडलेड, निकाल १-६. एकट्या लॉरेन जेम्सने २ गोल केले आणि ३ करवून दिले. चीनच्या मुली तंत्रात कच्च्या होत्या असं नाही. चेंडू ताब्यात घेऊन मान वर करेपर्यंत अंगावर दोघी आलेल्या असायच्या. हा वेग मायदेशातल्या लीगमध्ये अनुभवायलाच मिळत नाही, मग त्याची सवय होणार कशी? चीन गटातच गारद झाला. महिला विश्वचषकात त्यांच्यावर ही पाळी पहिल्यांदाच आली. संघातल्या बहुतेक जणी मायदेशातच खेळणाऱ्या होत्या, हे विसरू नका.

आणि त्या मोहिमेतला एकमेव विजय? हैतीवर १-०. वांग शुआंगने मारलेली ती पेनल्टी मिळवून दिली होती झांगने, एक हंगाम युरोपात खेळून आलेल्या मुलीने.

मियाझावाचं उदाहरण इथे लागू होत नाही. जपानने २०२१ मध्ये बायकांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू केली. तिथे घरी राहूनही चुरस मिळते. वुहान तेव्हा चीनमध्ये वर्षानुवर्षं विजेता ठरत होता. ज्या संघाला घरात कोणी हरवत नाही, त्या संघात फॉरवर्ड सुस्तावते. एका सामन्यात ४ गोल करून तिला काय कळणार?

कोपरा झेंडा

वुहानला इतकं हलकं लेखू नका. २४ मे २०२५ ला आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच पर्वाचं विजेतेपद त्यांनी घेतलं. अंतिम सामन्यात मेलबर्न सिटीशी १-१ बरोबरी आणि पेनल्टीत ५-४. ऑस्ट्रेलियन मुली धावायला आणि धडका द्यायला कमी नाहीत. चुरस हवी तर ती आशियातही आहे.

आणि बाकावरून वेगाची सवय कशी होते, हे कोणी तरी समजावून सांगा.

तिरपा पास

तुम्ही दोघं घर की परदेश यावर भांडताय. मला खरी अडचण 'लोन' या व्यवस्थेत दिसते.

लोनवर आलेल्या परदेशी मुलीवर कोच कशाला मेहनत घेईल? हंगाम संपला की ती परत जाणार. तिला भाषा येत नाही, संघाची पद्धत अंगवळणी पडायला चार-पाच महिने जातात, आणि तोवर मायदेशाचं बोलावणं येतं. चीनमध्ये मुली लहानपणीच एखाद्या प्रांताच्या किंवा शहराच्या पथकात नोंदवल्या जातात. वुहानचा क्लबही जियांगहान विद्यापीठाशी जोडलेला आहे. दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं पदक तिथल्या प्रांतांना फार मोलाचं वाटतं. परदेशात किती काळ राहायचं, हे सगळं त्या मुलीच्या मनावर नसतं.

वांग शुआंग बघा. २०१८ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला गेली, त्याच वर्षी आशियातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. एक हंगाम चांगला खेळली आणि २०१९ मध्ये ऑलिंपिकच्या तयारीसाठी वुहानला परतली. पुढच्याच जानेवारीत शहर बंद झालं. सिडनीला पात्रता फेरी चालू आणि ही वुहानमध्ये अडकलेली, इमारतीच्या गच्चीवर चेंडू घेऊन सराव करतेय. ते फोटो पाहून माझ्या घशात आवंढा आला होता. एप्रिल २०२१ मध्ये कोरियाविरुद्धच्या निर्णायक लढतीत जादा वेळेत लांबून गोल मारून तिनेच चीनला टोकियोला नेलं. जिगर अफाट, यात वादच नाही. पण पॅरिसमध्ये सलग तीन-चार वर्षं राहिली असती तर ती आज जगातल्या पहिल्या दहांत गणली गेली असती, असं मला ठाम वाटतं. पुढे अमेरिका, मग टॉटनहॅम, असं सगळं तुकड्यातुकड्यांत झालं.

म्हणून झांगने जायलाच हवं होतं, पण स्वतःच्या कराराने, दोन-तीन वर्षांसाठी, आणि जिथे खेळायला मिळेल अशा मध्यम ताकदीच्या क्लबकडे.

रावेतकर

बालेवाडीला त्याच स्पर्धेची उपांत्य फेरी झाली, ती कोणी आठवत नाही. जपान दोनदा पुढे गेला, ११९व्या मिनिटाला वांग शानशानने बरोबरी साधली आणि चीनने पेनल्टीत ४-३ असा सामना काढला. त्या संघाची ताकद एकमेकींना वर्षानुवर्षं ओळखण्यात होती. पोरी पाच देशांत विखुरल्या की ती जाते. २०२३ च्या अखेरीस पॅरिस ऑलिंपिकची पात्रताही हुकली. मी कोपरा झेंडा यांच्या बाजूने.

आपल्या मुली त्या स्पर्धेत यजमान होत्या. करोनाच्या लागणीने १३ जणीही उभ्या करता आल्या नाहीत म्हणून बाहेर पडल्या. त्या दुखण्यावर अजून खपली धरलेली नाही.

मैदानवेडी

आपल्या मुलींचा विषय काढलात ते बरं झालं. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉनकडून २०२२ मध्ये युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं करणारी पहिली भारतीय. मनीषा बाहेर जाऊन बिघडली असं म्हणणारा एक तरी माणूस दाखवा. मग झांगलाच वेगळा न्याय का?

रावेतकर

कारण मनीषाकडे घरी वुहान नव्हतं. आपली लीग तेव्हा जेमतेम काही आठवड्यांची. तिला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. झांगसमोर मात्र खरी निवड होती.

मैदानवेडी

निवड होती आणि तिने अवघड वाट धरली, याचंच मला कौतुक आहे. तुम्हाला शनिवार-रविवारचा बाक दिसतो. मला सोमवार ते शुक्रवारचा सराव दिसतो. बेथनी इंग्लंडसारखी फॉरवर्ड बचावपटूच्या पाठीमागून कधी सुटते, हे रोज दहा फुटांवरून बघणं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करून पाहणं. चीनमध्ये तिला हे कोण दाखवणार होतं?

कोपरा झेंडा

चीनच्याच सुन वेनला कोणी दाखवलं होतं? १९९९ च्या विश्वचषकात ७ गोल, सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि संघ अंतिम फेरीत, जिथे अमेरिकेकडून पेनल्टीतच हरला. अमेरिकेच्या लीगमध्ये ती त्यानंतर गेली. सरावात शंभरदा सुटता येतं. नेरूळला कोरियाविरुद्ध ७२व्या मिनिटाला झांग ज्या जागी पोहोचली, ती जागा सामन्यातच सापडते. म्हणून पुन्हा म्हणतो, तिला ती मिनिटं वुहानमध्ये मिळत होती.