क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे

'क्षमा करायची म्हणजे झालं गेलं विसरून गप्प राहायचं' हे मत मला पटत नाही. येशूचा शिष्य पेत्र याचा 'भावाला किती वेळा क्षमा करू?' हा प्रश्न बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे, वचन २१. त्याच्या जरा आधी, १५व्या वचनापासून, येशू बोलायलाच सांगतो: भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला दाखवून दे, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांग. आपलं बहुधा उलटं. मंडळीभर चर्चा आधी, ज्याचं त्याला शेवटी!

पुढच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, राजा चाकराचं दहा हजार तालांत (प्रचंड मोठी रक्कम) एवढं कर्ज सोडतो आणि हाच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सोबत्याचं हे देणंही तीन महिन्यांच्या कमाईएवढं होतं, किरकोळ नव्हतं. दुखावलेल्याला 'एवढंसं काय धरून बसलास' म्हणणाऱ्यांनी हे बघावं. आणि मार खायला त्याच घरी परत जा, असं या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही.