‘सोलारिस’मधला मोटारीचा प्रवास इतका लांब कशासाठी?

रानवाट:
आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७२ चा ‘सोलारिस’ हा विज्ञानपट अलीकडेच पाहिला. सोलारिस ग्रहाजवळच्या अंतराळस्थानकावर गेलेला मानसशास्त्रज्ञ क्रिस आणि तिथे त्याच्यापुढे पुन्हा प्रकटलेली त्याची मृत पत्नी हारी यांची कथा मनाला भिडली. परंतु क्रिसला भेटायला आलेला माजी वैमानिक बर्टन शहराकडे परततो तेव्हा बोगदे आणि उड्डाणपूल ओलांडणारी मोटार सुमारे पाच मिनिटे नुसती धावत राहते, त्याचे प्रयोजन उमगले नाही. पावणेतीन तासांच्या चित्रपटातून एवढा भाग वगळला असता तर काय बिघडले असते?

ध्रुवमत्स्य:
तो रस्ता टोकियोचा आहे. सोव्हिएत प्रेक्षकाला तेव्हा ते भविष्यातले शहर वाटावे, अशी योजना होती. खरी गंमत पुढे आहे. क्रिस ‘उड्डाण कधी?’ असे विचारतो आणि आपण केव्हाच निघालो आहोत, असे त्याला कळते. अंतराळप्रवास तेवढ्यात आटोपतो. यानांच्या करामती दाखवण्यात या दिग्दर्शकाला रस नाही, हे त्या दोन प्रवासांच्या लांबीवरूनच स्पष्ट होते.

कोरा कागद:
युक्तिवाद पटला, तरी रस्ता मलाही लांबलाच वाटतो. पृथ्वीची ओढ दाखवायला स्थानकावरचा शास्त्रज्ञ स्नाउट याने सांगितलेली युक्ती पुरेशी होती: वायुवीजनाच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या लावल्या की रात्री पानांची सळसळ ऐकू येते. या प्रकाराला नावे ठेवणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने, सार्टोरियसनेही तसेच काहीतरी कपाटात दडवून ठेवले आहे, हा तपशील तर फारच बोलका आहे.

ध्रुवमत्स्य:
पट्ट्यांविषयी सहमत आहे. त्याच जातीचा दुसरा तपशील म्हणजे हारीचा पोशाख. तिला तो उतरवता येत नाही, कारण नाडी दिसत असली तरी उघडण्याची जागाच नाही, आणि शेवटी क्रिसला तो कात्रीने कापावा लागतो. ही हारी त्याच्या आठवणीतून घडलेली आहे आणि पोशाख कुठे उघडतो हे त्याच्या लक्षातच राहिलेले नाही, असा अर्थ मी लावतो. पत्नीच्या आत्महत्येचे ओझे वाहणाऱ्या माणसाविषयी यातून जे कळते, ते लांबलचक संवादांतून कळले नसते. मूळ कादंबरीचे लेखक स्तानिस्वाव लेम यांना मात्र हे रूपांतर रुचले नव्हते. त्यांचा भर मानवी आकलनाच्या मर्यादांवर होता, आणि चित्रपटातले पृथ्वीवरचे घर व आईवडील यांची भर त्यांना खटकली. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. तरीही पुन्हा पाहावासा वाटतो तो चित्रपटच.

रानवाट:
आभारी आहे. रस्ता अजूनही लांबच वाटतो, पण पोशाखाचा प्रसंग मी सहज नजरेआड केला होता. स्टीव्हन सोडरबर्ग यांचे २००२ चे रूपांतर जेमतेम शंभर मिनिटांचे आहे. आता तेही पाहून घेतो.